लिबरल आर्ट्स कॉलेजात पाश्चात्त्य संगीताचा इतिहास घेताय? अभ्यासाचा क्रम असा लावा

अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकताना मी दोन वर्षं संगीत-इतिहासाच्या वर्गाची पीअर ट्यूटर होते. आठवड्यातून दोन संध्याकाळी लायब्ररीत बसायचं आणि कुणाचं अडलं तर सोडवायचं, एवढंच काम. अडून येणाऱ्यांत भारतातून आलेली, त्यातही गाणं शिकलेली मुलं हमखास असत. पाठांतर चोख, सनावळ्या तोंडपाठ, आणि पहिल्या श्रवणचाचणीत गुण निम्म्यावर. चूक बहुतेकांची एकच असे. आधी पुस्तकातला धडा वाचायचा, मग वर्गातल्या स्लाइड्स पाठ करायच्या, आणि ऐकायचं ते परीक्षेच्या आदल्या रात्री, जेवता जेवता. हा क्रम उलटा करायचा आहे. कसा, ते टप्प्याटप्प्यानं सांगते.

टप्पा १: कोर्स निवडताना

कॅटलॉगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी असतात. ‘म्युझिक अ‍ॅप्रिसिएशन’ किंवा तत्सम नावाचा कोर्स संगीत हा मुख्य विषय नसलेल्यांसाठी असतो. त्याला नोटेशन वाचता यावं लागत नाही. ‘म्युझिक हिस्टरी’ मात्र बहुधा दोन सेमिस्टरचा जोडकोर्स असतो. पहिला भाग मध्ययुगापासून साधारण १७५० पर्यंत, म्हणजे बाखच्या मृत्यूपर्यंत, आणि दुसरा तिथून आजपर्यंत. त्याला थिअरीची पूर्वअट असते. स्कोअर, म्हणजे रचनेचं छापील स्वरलेखन, वाचता येतो असं धरूनच प्राध्यापक पहिल्या दिवशी सुरुवात करतात.

इथे आपली मुलं फसतात. ‘मी विशारद आहे, मला अ‍ॅप्रिसिएशन कशाला?’ असं म्हणून थेट हिस्टरीत नाव घालतात. विशारद झाल्यानं कान तयार असतो हे खरं, पण त्या परीक्षेनं स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं स्वरलेखन) आणि हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) आलेली नसते. थिअरीची प्लेसमेंट चाचणी असेल तर ती द्या आणि तिचा निकाल माना. आधी अ‍ॅप्रिसिएशन घेण्यात कमीपणा नाही.

जाता जाता पदवीबद्दल. लिबरल आर्ट्सची बी.ए. घेतलीत तर संगीताचे कोर्स ढोबळमानानं एक तृतीयांश, बाकी इतर विषय. कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे फक्त संगीताच्या महाविद्यालयाच्या, बी.म्युझ.मध्ये हे प्रमाण साधारण उलटं. ओबर्लिनसारख्या ठिकाणी दोन्ही एकाच आवारात आहेत, त्यामुळे अर्ज करताना नीट बघा. जगभरच्या संगीतांचा अभ्यास हवा असेल तर वेस्लियन विद्यापीठाचा अभ्यासक्रम पाहा. तिथे कर्नाटक संगीत आणि इंडोनेशियाचं गामेलान ही अनेक दशकं शिकवली जातात.

*तपासणी:* अ‍ॅड-ड्रॉपची (कोर्स घेण्या-सोडण्याची) मुदत संपायच्या आत सिलॅबसमध्ये तीन गोष्टी शोधा. श्रवणचाचणीला किती टक्के, चाचणीत स्कोअरचा तुकडा ओळखायचा आहे का, आणि पेपरचा कच्चा मसुदा कधी द्यायचा. तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर पहिल्याच तासाला विचारा.

टप्पा २: सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीचे तीन आठवडे

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण रोज हवीत.

पहिला आठवडा ट्रेबल आणि बास क्लेफचा. क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर हे सांगणारी सुरुवातीची खूण. वाचताना प्रत्येक स्वराचं सरगममध्ये भाषांतर करू नका. आपला सा फिरता असतो. इथल्या कागदावरचा सी हा सीच राहतो, मग रचनेची ‘की’, म्हणजे तिचा मूळ सा आणि त्यावरचं सप्तक, कुठलीही असो. सरगमची कुबडी घेतलीत तर ‘की’ बदलल्याक्षणी सगळं कोसळतं. आल्टो क्लेफही तोंडओळखीपुरता बघून ठेवा, कारण व्हियोलाचं अंकन त्यातच असतं.

भातखंडे पद्धतीची सवय असलेल्यांना आणखी एक खोड असते. बारची, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या मात्रांच्या गटाची, पहिली मात्रा दिसली की ती सम वाटते. ती सम नव्हे. तिच्यावर थोडा जोर असतो, पण सगळी रचना तिथे येऊन विसावते असं काही नसतं.

दुसरा आठवडा वाद्यांच्या आवाजांचा. ओबो आणि क्लॅरिनेट यांत गल्लत होते, फ्रेंच हॉर्न आणि ट्रॉम्बोन यांत होते, व्हियोला आणि चेलो यांतही होते. ओबोसाठी आपल्याकडे आयती खूण आहे: सनईसारखीच दुहेरी पत्ती. तो नाकातला, धारदार आवाज एकदा पकडला की सुटत नाही. क्लॅरिनेटला एकच पत्ती, त्यामुळे आवाज गोल.

तिसऱ्या आठवड्यात ऑर्केस्ट्राचा पूर्ण स्कोअर उघडा. वर लाकडी फुंकवाद्यं, त्याखाली पितळी, मग तालवाद्यं, तळाशी तंतुवाद्यं, आणि सगळ्यांत खाली डबल बास. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो आणि एफ हॉर्न पंचमाच्या अंतरानं खाली. हे माहीत नसलं की स्कोअर चुकीचा छापलाय असं वाटायला लागतं. मला वाटलं होतं.

*तपासणी:* आयएमएसएलपी या संकेतस्थळावरून हायडनच्या एखाद्या स्ट्रिंग क्वार्टेटचा (चार तंतुवाद्यांच्या रचनेचा) स्कोअर घ्या आणि रेकॉर्डिंग लावून फक्त दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळीवर बोट फिरवा. एका मूव्हमेंटमध्ये (रचनेच्या एका स्वतंत्र भागात) दोनदाच चुकलात तर तयारी ठीक आहे. जास्त चुकलात तर आणखी एक आठवडा द्या.

टप्पा ३: प्रत्येक रचना चारदा, याच क्रमानं

बाकी काही वगळलंत तरी हा टप्पा वगळू नका.

*पहिली खेप:* स्कोअर नाही, धडा नाही, मोबाइल दूर. रचना सलग ऐका आणि नंतर फक्त तीन गोष्टी लिहा. कोण वाजवतंय किंवा गातंय, एका वेळी किती स्वतंत्र ओळी चालू आहेत, आणि कुठे काहीतरी बदललं. चुकलं तरी चालेल. या चुकाच पुढे उपयोगी पडतात.

*दुसरी खेप:* फक्त बास, म्हणजे सगळ्यांत खालची ओळ, ऐका, शक्य तर गुणगुणा. आपला कान मुख्य गायकाच्या मागे जातो, कारण आपल्याकडे खालचा तानपुरा जागचा हलत नाही. इथे तळ हलतो, आणि बरीचशी गोष्ट तळच सांगतो.

सरावासाठी पर्सेलच्या ‘डायडो अँड इनिअस’ या १६८०च्या दशकातल्या ऑपेराच्या अखेरीचा विलाप घ्या. त्याची ‘की’ आहे जी मायनर. जी ला सा माना, म्हणजे बास असा उतरतो: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प, आणि मग वळून पुन्हा सा. असा सलग उतार आपल्याकडे सहसा भेटत नाही. पाच बारांचा हा बास अकरा वेळा येतो. पहिल्यांदा एकटा, मग आठ वेळा गाण्याखाली, शेवटी दोनदा फक्त वाद्यांत. तबल्याच्या सोलोतला लेहरा आठवा. तसाच तो फिरत राहतो. आता गायिकेकडे लक्ष द्या. तिची ओळ लेहऱ्याच्या टोकाशी संपत नाही, ओलांडून पुढे जाते. ती नेमकी कुठे ओलांडते ते बोटांवर मोजा. विलाप कशानं झालाय हे वर्गात विचारतात, तेव्हा ‘दुःखी चाल’ हे उत्तर नसतं. हा उतरता बास आणि त्याला न जुळणारी गाण्याची ओळ हे उत्तर असतं.

*तिसरी खेप:* स्कोअर समोर, पेन्सिल हातात. पहिल्या खेपेला जिथे ‘काहीतरी बदललं’ असं लिहिलं होतं, तिथला बार क्रमांक शोधा.

इथे मोझार्टची ४०वी सिंफनी, १७८८ची, पहिली मूव्हमेंट. व्हियोलांची थरथर आधी सुरू होते आणि बारभरही न थांबता व्हायोलिनची धून येते. सा आहे जी. ही धून गुणगुणत सा मनात धरून ठेवा. थोड्या वेळानं दुसरी धून येते तेव्हा तुमचा सा बेसूर वाटायला लागेल, कारण सा आता बी-फ्लॅटवर गेला आहे, म्हणजे जुन्या कोमल गंधारावर. मूर्च्छना-भेद ऐकलेल्यांना हे लगेच कळतं. पुढे बऱ्याच भटकंतीनंतर तीच दुसरी धून परत येते, पण या वेळी जी मायनरमध्ये, मूळ सा वर. पुस्तकात ज्याला सोनाटा फॉर्म म्हणतात त्याचा कणा हाच. एक्स्पोझिशन (धुनांची मांडणी), डेव्हलपमेंट (ती भटकंती), रीकॅपिट्युलेशन (परतणं) ही नावं पाठ करायच्या आधी सा घरून निघाला कधी आणि परतला कधी, हे कानानं पकडा. नावं मग आपोआप बसतात.

*चौथी खेप:* आता धडा वाचा, आणि वाचून झाल्यावर लगेच एकदा ऐका. पुस्तकातलं जे वाक्य कानाला पटत नाही त्यावर प्रश्नचिन्ह टाका. पेपरचे विषय अशाच प्रश्नचिन्हांतून सापडतात.

*इशारा:* ऐकताना तानपुऱ्याचं अ‍ॅप लावू नका. सा हलला की अ‍ॅप तुम्हाला खोटं पाडणार. शिवाय जुन्या वाद्यांवर वाजवणारे बरोकचे (साधारण १६०० ते १७५० या काळातल्या संगीताचे) कलाकार ए हा स्वर बहुधा ४१५ हर्ट्झला लावतात, आजच्या ४४० पेक्षा जवळजवळ अर्धा स्वर खाली. पर्सेलचा तो जी मायनर तेव्हा तुमच्या पेटीवर एफ-शार्प मायनर लागतो. सूक्ष्म कानाच्या एका मुलानं उत्तरपत्रिकेत तेच लिहिलं. कान बरोबर होता, उत्तर चूक धरलं गेलं. ‘की’ नेहमी स्कोअरवरची लिहायची.

टप्पा ४: श्रवणवही

एका रचनेला एक पान. संगीतकार, शीर्षक, मूव्हमेंट, साल, प्रकार, वाद्यं, आणि खाली तुमच्याच शब्दांत दोन-तीन खुणा. खुणा ऐकू येणाऱ्या हव्यात. ‘क्रांतिकारी रचना’ ही खूण नाही. ‘चार आवाज, वरून खाली एकेक करत शिरतात, शेवटचा ऑर्गनच्या पायानं वाजवायच्या पट्ट्यांवर’ ही खूण आहे. बाखच्या जी मायनरमधल्या ‘लिटल’ फ्यूगची, बीडब्ल्यूव्ही ५७८.

त्या आकड्यांकडे, म्हणजे रचनांच्या सूचीतल्या क्रमांकांकडे, दुर्लक्ष करू नका. मोझार्टसाठी के., बाखसाठी बीडब्ल्यूव्ही, शूबर्टसाठी डी., हायडनसाठी होब., विवाल्डीसाठी आरव्ही. ‘मोझार्टची जी मायनरमधली सिंफनी’ एवढंच लिहिलंत तर ती २५वी, १७७३ची के. १८३ की ४०वी, के. ५५०, हे कसं कळणार? दोन्ही जी मायनरमध्येच आहेत.

रेकॉर्डिंग कुणाचं हेही टिपा. ग्लेन गुल्डनं बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित केली तेव्हा ती साधारण ३८ मिनिटांत संपली. १९८१ मध्ये त्यालाच ५१ मिनिटं लागली. मोझार्टच्या ४०व्या सिंफनीची तर दोन रूपं आहेत, एक क्लॅरिनेटशिवायचं आणि एक क्लॅरिनेटसह. त्यामुळे ‘क्लॅरिनेट ऐकू आलं’ ही खूण एका रेकॉर्डिंगला लागू पडेल, दुसऱ्याला नाही.

*इशारा:* ‘२ मिनिटं १० सेकंदांना दुसरी धून’ असं वहीत लिहू नका. एक्स्पोझिशन पुन्हा वाजवायचं की नाही हे वादकांवर असतं, आणि वेळ मिनिटांनी सरकते. बार क्रमांक लिहा.

टप्पा ५: श्रवणचाचणी

माझी पहिली चाचणी सांगते. यादीतल्या प्रत्येक रचनेची पहिली वीस सेकंदं मी पाठ केली होती. सरांनी पहिलाच तुकडा डेव्हलपमेंटच्या मधून लावला. मिनिटभर वाजला, दोनदा वाजला, आणि माझा कागद कोरा. नंतर कळलं, ते दरवर्षी असंच करतात.

म्हणून चाचणीच्या दहा दिवस आधीपासून यादी शफलवर टाका आणि प्रत्येक रचना मधूनच सुरू करा. डोळे मिटून स्लायडर कुठेही ओढायचा, तीस सेकंद ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. जोडीदार असेल तर उत्तम. त्यानं लावायचं, तुम्ही ओळखायचं, मग अदलाबदल.

उत्तर लिहिताना मोठ्याकडून लहानाकडे या. आधी किती ओळी आहेत, मग कुठली वाद्यं किंवा आवाज, मग काळ, मग प्रकार, आणि सगळ्यांत शेवटी संगीतकार आणि शीर्षक. शीर्षक आठवलं नाही तरी आधीच्या चार उत्तरांना गुण असतात. आपली मुलं नेमकं उलट करतात. शीर्षक आठवेपर्यंत काहीच लिहीत नाहीत.

बऱ्याच चाचण्यांत एखादा अनोळखी तुकडाही असतो. तो ओळखायचा नसतो. तो कुठल्या काळातला वाटतो आणि का, एवढं सांगायचं असतं. तिथे ‘का’ लाच गुण. हार्प्सिकॉर्ड आणि चेलो मिळून सतत बास चालवत असतील, तर ‘बासो कंटिन्युओ, म्हणून बरोक’ हे पूर्ण उत्तर झालं. गायिका धड गातही नाही, धड बोलतही नाही, आणि सा कुठेच सापडत नाही? तर शोनबर्गच्या १९१२च्या ‘पिएरो लुनेअर’च्या आसपासचं काहीतरी, असं कारणासह लिहा.

*तपासणी:* दोन दिवस आधी शफलवरचे वीस तुकडे. पंधरा ओळखता आले तर झोप घ्या. नाही आले तर फक्त चुकलेले ऐका, सगळी यादी पुन्हा नाही.

टप्पा ६: मैफलीचा अहवाल

यात गुण सोपे असतात आणि तेच घालवले जातात. कार्यक्रमपत्रिका आधी मिळवा, रचना आदल्या दिवशी एकदा ऐका, छापील पत्रिका जपून ठेवा. अहवालाला ती जोडावी लागते. दोन मूव्हमेंटच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, आणि ‘वा!’ तर नाहीच. एका संथ मूव्हमेंटमध्ये माझ्या तोंडून हळूच गेलं आणि पुढची अख्खी रांग वळून बघायला लागली.

अहवालात कार्यक्रमाची हकिगत नको. एक रचना निवडा आणि त्या संध्याकाळी काय ऐकू आलं जे रेकॉर्डिंगमध्ये आलं नव्हतं, ते लिहा.

टप्पा ७: पेपर

विषय मोठा घेऊ नका. ‘बीथोव्हनची पाचवी सिंफनी आणि नियती’ हा विषय नाही, भाषण आहे. हा विषय घ्या: १८०८ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेल्या त्या सिंफनीच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये ५९व्या बारला दुसऱ्या धुनेची हाक हॉर्न देतात, तीच हाक ३०३व्या बारला ‘बसून’ (bassoon) या लाकडी फुंकवाद्याकडे जाते. का? तेव्हाच्या बिनकळीच्या हॉर्नवर त्या कीमध्ये ती वाजवणं अवघड होतं म्हणून, की बीथोव्हनला तो बदललेला रंगच हवा होता? आजही काही कंडक्टर तिथे ‘बसून’ऐवजी हॉर्न घेतात. त्यांचं चूक की बरोबर? आता पेपरला बाजू आहे, पुरावा आहे आणि विरोधकही आहे.

क्रम असा ठेवा:

१. स्कोअर आणि कान. तुमचं निरीक्षण बार क्रमांकांसह एका पानावर लिहा. अजून काहीही वाचायचं नाही.

२. ग्रोव्ह म्युझिक ऑनलाइन या संगीतकोशातला लेख. पार्श्वभूमीसाठी, आणि त्याखालच्या संदर्भसूचीसाठी.

३. आरआयएलएम (संगीतविषयक लेखनाची सूची) आणि जेस्टोर (संशोधनलेखांचा संग्रह) यांत लेख शोधा. लायब्ररीच्या कपाटांत एम म्हणजे स्कोअर, एमएल म्हणजे संगीताविषयीचं लेखन, एमटी म्हणजे शिक्षण आणि विश्लेषण. एमएल ४१० वर संगीतकारांची चरित्रं सापडतात. हाताला लागलेल्या पुस्तकाच्या शेजारची दोन पुस्तकं चाळायला विसरू नका.

४. मग एका वाक्यात तुमचा दावा. तो वाचून वर्गमित्राला ‘नाही, मला नाही वाटत’ असं म्हणता आलं पाहिजे.

५. मसुदा, रायटिंग सेंटर (लेखनाला मदत करणारा कॉलेजचा विभाग), पुन्हा मसुदा.

आयएमएसएलपीवर बहुतेक जुन्या, हक्क संपलेल्या आवृत्त्या असतात, आणि त्यांत संपादकांनी आपल्या मर्जीनं घातलेल्या खुणा असतात. एखाद्या लेगाटोच्या (स्वर जोडून वाजवायला सांगणाऱ्या) कमानीवर तुमचा युक्तिवाद उभा असेल तर लायब्ररीतल्या चिकित्सक आवृत्तीत ती कमान आहे का ते आधी बघा. एका मुलीचा पूर्ण परिच्छेद शंभर वर्षांपूर्वीच्या संपादकाच्या कमानीवर उभा होता.

भाषेबद्दल एक. आपण संगीत-समीक्षा वाचत मोठे झालो ती ‘रसिकांना मंत्रमुग्ध केले’ या वळणाची. तेच इंग्रजीत उतरतं आणि प्राध्यापक समासात ‘कसं?’ असं लिहितात. प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा. रेघेच्या शेजारी बार क्रमांक देता येत नसेल तर विशेषण खोडा.

*इशारा:* तळटीपा बहुधा शिकागो पद्धतीनं मागतात. त्या लिहिता लिहिता घाला. शेवटच्या रात्री शोधलेल्या तळटीपा चुकतात, आणि एखादी राहून गेली तर प्रकरण वाङ्मयचौर्याच्या समितीपर्यंत जाऊ शकतं. ‘चुकून राहिलं’ हे तिथे चालत नाही.

टप्पा ८: ऑफिस अवर्स

प्राध्यापक विद्यार्थ्यांना भेटायला राखून ठेवतात तो हा वेळ. आपल्याला वाटतं, सरांकडे जायचं म्हणजे काहीतरी बिघडलंय. तिथे ते वेळापत्रकातलंच काम आहे, आणि छोट्या कॉलेजात वर्गच पंधरा-वीस जणांचा असतो, त्यामुळे न जाणारा उठून दिसतो. तिसऱ्या आठवड्याच्या आत एकदा जा.

जाताना ‘मला सोनाटा फॉर्म कळत नाही’ असा प्रश्न नेऊ नका. त्यावर अर्धा तास व्याख्यान मिळेल आणि बाहेर आल्यावर तिढा तसाच असेल. स्कोअर न्या, एका बारवर पेन्सिलीनं गोल करा आणि म्हणा, ‘मला सा इथेच परतल्यासारखा वाटतो, पण पुस्तक म्हणतं वीस बार पुढे. माझं काय चुकतंय?’ सा हा शब्द तिथे समजावून सांगावा लागेल. सांगा. माझ्या प्राध्यापकांनी तो ऐकून पियानो उघडला होता, आणि त्या दिवशी मी तास संपून गेल्यावरही अर्धा तास तिथेच होते.